नको असलेली संकेतस्थळे संगणकावरच कशी रोखावीत : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एखादे संकेतस्थळ संगणकावर उघडूच नये यासाठी कोणते सॉफ्टवेअर विकत घ्यावे, अशी विचारणा ग्राहक आमच्याकडे वारंवार करतात. प्रश्न पाच-दहा संकेतस्थळांपुरता असेल, तर आमच्या मते काहीही विकत घेण्याची गरज नाही. विंडोजमध्ये ‘होस्ट्स’ नावाची एक साधी फाइल मुळातच असते आणि तिच्यावर काम भागते.

आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, तेव्हा संगणकाला त्या नावामागचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील संगणकाचा अंकी पत्ता, शोधावा लागतो. हा पत्ता इंटरनेटवरील डीएनएस सर्व्हरला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारण्याआधी संगणक होस्ट्स फाइल पाहतो. १९८३ मध्ये डीएनएसची आखणी होण्यापूर्वी नेटवर्कमधील संगणकांची नावे आणि पत्ते अशाच एका फाइलमध्ये नोंदवले जात, आणि ती जुनी सोय आजही शाबूत आहे. तेथे नावासाठी निरुपयोगी पत्ता लिहून ठेवला, की संगणक तोच खरा मानतो आणि पुढे चौकशी करत नाही.

ही फाइल सी ड्राइव्हमधील ‘विंडोज’, त्यातील ‘सिस्टम३२’, त्यातील ‘ड्रायव्हर्स’ आणि त्यातील ‘ईटीसी’ या फोल्डरमध्ये सापडते. प्रथम तिची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, ही आमची आग्रहाची विनंती आहे. त्यानंतर नोटपॅडवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे, अन्यथा केलेला बदल सेव्ह होत नाही. फाइल उघडताना ‘ऑल फाइल्स’ हा पर्याय निवडावा, कारण या फाइलच्या नावाला कोणतेही एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे) नसते आणि त्यामुळे ती एरवी यादीत दिसतच नाही. सेव्ह करतानाही तिला ‘टीएक्सटी’ हे एक्स्टेन्शन लागणार नाही, याची काळजी घ्यावी.

सर्वांत खाली नव्या ओळीवर ०.०.०.० हा पत्ता, मग एक स्पेस आणि त्यापुढे संकेतस्थळाचे नाव लिहावे. अंक व नाव दोन्ही इंग्रजीत टाइप करावीत. बहुतेक चुका याच ओळीत होतात. नावाआधी ‘एचटीटीपीएस’ किंवा नावानंतर तिरकी रेघ आली, तर नोंद लागू होत नाही. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह असलेले नाव आणि त्याविना असलेले नाव संगणकाच्या दृष्टीने वेगळे असल्याने दोन्हींसाठी स्वतंत्र ओळी लागतात. एखादेच पान मात्र या पद्धतीने रोखता येत नाही. बदल सेव्ह केल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा, म्हणजे आधी लक्षात ठेवलेले पत्ते पुसले जातात.

घातक प्रोग्रॅमही ही फाइल बदलत असल्याने अँटिव्हायरस कधी कधी इशारा देतो. बदल आपणच केला असेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

या उपायाच्या मर्यादाही आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. तो त्या एकाच संगणकापुरता असतो, मोबाइलवर त्याचा परिणाम होत नाही आणि प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, वापरल्यास तो चुकवता येतो. ज्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आहे, त्याला आपली ओळ सहज पुसता येते. म्हणून मुलांसाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे वेगळे खाते उघडावे.

रोखलेले संकेतस्थळ पुन्हा सुरू करायचे असल्यास ओळ पुसण्याची गरज नाही. तिच्या आरंभी # हे चिन्ह टाकून फाइल सेव्ह करावी.