मान्सून ‘दाखल’ होण्यामागचे नियम

मान्सून केरळात १ जूनला आणि मुंबईत १० जूनला येतो, हे पाठ करूनच आपल्यातले बहुतेक जण शाळेतून बाहेर पडले. २०२० मध्ये भारतीय हवामान खात्याने मुंबईची तारीख ११ जून केली. केरळची होती तीच राहिली. जुन्या तारखा १९०१ ते १९४० या काळात १४९ केंद्रांवर झालेल्या पावसाच्या नोंदींवरून काढलेल्या होत्या. नव्या तारखांसाठी आगमनाला १९६१ ते २०१९ आणि परतीला १९७१ ते २०१९ हा काळ धरला गेला. मोठा फरक पडला तो परतीच्या तारखांत. मुंबईतून माघार २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबरला, तर राजस्थानातून १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबरला, असे नवे वेळापत्रक आले. काढणीला आलेले सोयाबीन शेतातच भिजते म्हणणाऱ्या शेतकऱ्याला यात नवे काही वाटले नसेल. बातम्या मात्र आगमनाच्याच होतात.

वेधशाळा येण्याआधी हे गणित पंचांगात होते. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीस मृग निघायचे, त्यावर पेरणी ठरायची, आणि त्याआधी पडतो तो वळीव हे वेगळे सांगावे लागत नसे. हा फरक आकड्यांत बसवायला मात्र बराच काळ गेला. केरळात पाऊस वाढला की अनुभवी अंदाजकर्ता आगमन जाहीर करी. अडचण अशी की मे महिन्यात कधी कधी केरळात चार दिवस जोरदार पाऊस होतो, सगळ्यांना मान्सून आल्यासारखे वाटते आणि मग वारेच पडतात. नुसत्या पावसावरून हे फसवे आगमन ओळखता येत नाही.

म्हणून २००६ पासून तीन अटी आल्या. पहिली पावसाची. १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा. तसे झाले आणि पुढच्या दोन अटीही जुळल्या, तर त्यातल्या दुसऱ्या दिवशी घोषणा. (आगमन केरळातले म्हणायचे, पण या चौदांत लक्षद्वीपचे मिनिकॉय आहे आणि कर्नाटकातले मंगळूरही.) दुसरी अट वाऱ्यांची: पश्चिमी वारे ६०० हेक्टापास्कल हवेच्या दाबाच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण चार किलोमीटर उंचीपर्यंत पोचलेले असावेत, आणि खालच्या थरात त्यांचा वेग १५ ते २० नॉट (ताशी साधारण २८ ते ३७ किलोमीटर) असावा. तिसरी ढगांची. उपग्रहाने मोजलेले, अवकाशात निघून जाणारे दीर्घलहरी प्रारण (म्हणजे उष्णता) केरळलगतच्या समुद्रावर चौरस मीटरला २०० वॅटपेक्षा कमी भरले, तर तिथे दाट, उंच ढग आहेत असे धरतात.

वाद झाला तो २०२२ मध्ये. २९ मे रोजी, नेहमीपेक्षा तीन दिवस आधी, सरकारी खात्याने आगमन जाहीर केले. एका खासगी हवामान संस्थेने आक्षेप घेतला: अटी पुऱ्या झालेल्या नाहीत, घोषणा घाईची आहे. खात्याने तो फेटाळला. १४ पैकी १० केंद्रांवर पुरेसा पाऊस झाला आहे आणि वारेही जुळले आहेत, ही त्यांची बाजू. टीकाकारांचा रोख ‘सलग दोन दिवस’ या शब्दांवर होता, आणि तो मुद्दा सहज झटकण्यासारखा नाही. एका दिवसाच्या सरीने फसगत होऊ नये म्हणूनच तर ती अट घातलेली आहे. हवामानशास्त्रात शेवटी अंदाजकर्त्याची पारख लागतेच. पण पारख वापरायची तर नियमाचा दाखला देऊ नये. त्या वर्षी मुंबईत मान्सून ११ जूनला, म्हणजे नव्या वेळापत्रकाबरहुकूम पोचला.

२०२५ मध्ये वेगळाच पेच पडला. केरळात २४ मे आणि मुंबईत २६ मे! मुंबईसाठी ही नोंदींतली सर्वांत लवकरची तारीख; आधीचा विक्रम २९ मेचा होता. या वेळी मुंबईत पाऊसही भरपूर होता. पण महिनाअखेरीस वाटचाल थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत, आणि विदर्भ वाट पाहत राहिला. मान्सून आला म्हणून पेरणीची घाई करू नका, असे कृषी विभागाला सांगावे लागले. कोरडवाहू पेरणीसाठी साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल हवी, हा सल्ला दरवर्षीचाच आहे. आगमनाच्या नियमातला आकडा आहे अडीच मिलिमीटर, आणि तोही केरळ किनाऱ्यावरचा.