अकॉर्डियनची काही डिझाइन्स का चालली नाहीत?

अकॉर्डियनच्या उजव्या हाताला एकतर पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात नाहीतर बटणं. पट्ट्यांची एक जुनी कटकट आहे. सी मेजर कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन सूर) धरली की तिन्ही बोटं पांढऱ्यावर, डी मेजरला मधलं बोट काळीवर जातं आणि बी मेजरला दोन बोटं काळीवर, म्हणजे कानाला सुरांमधलं अंतर तेच पण हाताला दरवेळी नवीन आकार.

यावर हंगेरीच्या पॉल फॉन यांकोने १८८२ मध्ये पियानोसाठी फार सुंदर उपाय काढला. एका ओळीत सी, डी, ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, दुसरीत उरलेले सहा सूर, आणि अशा ओळी आलटून पालटून एकीवर एक, एकूण सहा. कॉर्डचा एक आकार शिकलात की बारापैकी कुठल्याही सुरापासून तोच चालतो! याच धर्तीचे अकॉर्डियनही बनले, पण क्लासिकलवाल्यांनी ते काही उचलले नाहीत.

गंमत म्हणजे हीच आयडिया बटणांत मस्त चालली. क्रोमॅटिक बटण अकॉर्डियनच्या तीन ओळींत बाराही सूर बसतात, चौथी-पाचवी ओळ म्हणजे नुसती पुनरावृत्ती, पण तिच्यामुळेच एकच फिंगरिंग, म्हणजे बोटांची ठेवण, कुठूनही सुरू करता येतं. शिवाय बटणं छोटी, त्यामुळे हात लांबवर पोचतो. रशियन बायान याच जातीचा, आणि संगीतकार सोफिया गुबायदुलिना यांनी १९७८ मध्ये 'डे प्रोफुंडिस' लिहिलं ते त्याच्यासाठीच.

मग यांकोचं काय अडलं? मला वाटतं की पट्ट्यावाला अकॉर्डियन घेणारा तो घेतो कारण त्याला पियानो आधीच येतो, आणि तुम्ही त्याला वर्षानुवर्षांची बोटांची सवय विसरायला सांगताय, तेही शिकवणारे गुरू आणि फिंगरिंग छापलेली पुस्तकं हाताशी नसताना. बटणवाल्यांना हा प्रश्नच नव्हता, ते सुरुवातच बटणांवर करतात.

क्वार्टरटोन अकॉर्डियनची, म्हणजे नेहमीच्या दर दोन सुरांमध्ये आणखी एक सूर असलेल्याची, अडचण मात्र वेगळी आहे, तिथे सवयीबरोबर वजनही आडवं येतं. फिनलंडचे वेली कुयाला तो वाजवतात. अकॉर्डियनची एक रीड (हवेने थरथरून सूर काढणारी धातूची जीभ) एकाच दिशेच्या हवेवर बोलते, म्हणून भाता उघडताना आणि मिटताना तोच सूर हवा तर दोन रीड लागतात. सप्तकात १२ ऐवजी २४ सूर केले की रीडच्या एका सेटमध्ये सप्तकामागे २४ च्या जागी ४८ रीड झाल्या, आणि कॉन्सर्टचा अकॉर्डियन तसाही १० किलोच्या वर जातो, तो सगळा भार वाजवणाऱ्याच्या खांद्यावर.