शिराझ : नाशिकची लाल वाइन व तिच्या जोडीचे अन्न

शिराझ (फ्रान्समध्ये सिरा). काळ्या द्राक्षांचा एक वाण व त्यापासून होणारी लाल वाइन. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड व इगतपुरी तालुक्यांत आणि गंगापूर धरणाच्या परिसरात लाल वाइनसाठी जे वाण लावले जातात, त्यांत शिराझ प्रमुख आहे. काबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, झिनफँडेल व टेम्प्रानिलो हे वाणही या भागात आढळतात.

या वाणाच्या उगमाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. तो इराणमधील शीराझ शहरातून युरोपात गेला, ही कथा सर्वांत लोकप्रिय ठरली. तिच्या एका पाठानुसार गास्पार द स्तेरिंबेर हा सरदार धर्मयुद्धावरून परतल्यावर, 1224 च्या सुमारास, फ्रान्समधील ऱ्होन नदीकाठच्या एर्मिताज टेकडीवर आश्रम बांधून राहिला आणि सोबत आणलेला वेल त्याने तेथे लावला. मात्र तो ज्या मोहिमेत लढला असे सांगतात, ती दक्षिण फ्रान्समध्येच झालेली होती. इराणशी तिचा संबंध लावणे कठीण आहे. दुसऱ्या मतानुसार तिसऱ्या शतकात रोमन सम्राट प्रोबसच्या सैन्याने हा वाण सिसिलीतील सिराक्यूजमार्गे आणला. या मताला नामसाधर्म्यापलीकडे आधार दिसत नाही.

1990 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्समधील मोंपेलिए येथील जाँ-मिशेल बुर्सिको यांच्या डीएनए तपासणीने वादाचे स्वरूपच बदलले. ड्युरेझा (काळा) व मोंदूझ ब्लांश (पांढरा) हे शिराझचे जनक वाण ठरले. पहिला आर्देश भागातला, दुसरा साव्हुआचा. दोन्ही आग्नेय फ्रान्समधले. तेव्हा हा संकर त्याच पट्ट्यात झाला असावा, हेच मत आता ग्राह्य धरणे योग्य. संकराचा काळ मात्र या तपासणीतून ठरत नाही. रोमन लेखक प्लिनीने उल्लेखिलेल्या अ‍ॅलोब्रोजिका द्राक्षांशी काही अभ्यासक शिराझचे नाते जोडतात. ते अनुमानच समजावे. सतराव्या शतकात इराणी शीराझची वाइन सुरतेच्या इंग्रज वखारीपर्यंत पोचत असे. नाव तेच असले, तरी त्या वाइनचा आजच्या वाणाशी संबंध मानण्यास जनुकीय पुरावा वाव देत नाही. ऑस्ट्रेलियात हा वाण रुजण्याचे श्रेय सामान्यतः जेम्स बझ्बी याने 1832 मध्ये नेलेल्या वेलसंग्रहाला दिले जाते.

महाराष्ट्रात आधुनिक वाइननिर्मितीने 1980 च्या दशकात नारायणगाव येथे जोर धरला. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या सुला या वायनरीची पहिली वाइन 2000 मध्ये बाजारात आली. ती पांढरी होती, लाल वाइन नंतरच्या. सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ ही वाइन ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली असते. राज्य शासनाचे द्राक्षप्रक्रिया धोरण 2001 चे. त्यानंतर वायनऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला 2010 च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले.

नाशिकचा वेल युरोपातल्यासारखा हिवाळ्यात झोपी जात नाही. म्हणून त्याची वर्षातून दोनदा छाटणी करतात : एप्रिलच्या आसपास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळांसाठी गोडी छाटणी. पीक मात्र एकच. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. थंड रात्री संपून उन्हे चढू लागली, की साखर वेगाने वाढते व आम्लता घसरते. त्यामुळे तोडणीचा दिवस ठरवणे हे येथील खरे कसब. साखर मोजण्याचे साधन हाती असले, तरी जाणकार मणी चावून पाहतो. बी तपकिरी झालेले, दाताखाली कुरकुरीत फुटणारे आणि साल चघळल्यावर तोंड फारसे न आवळणारी असेल, तर घड पक्व समजावा. हिरवट बियांची द्राक्षे घेतली, तर वाइनमध्ये कडवटपणा उतरतो.

लाल वाइनचा रंग व तुरटपणा सालींतून येतो, म्हणून रस सालींसकट आंबवतात. या तुरटपणाचे कारण टॅनिन. ते लाळेतील प्रथिनांना चिकटते व जीभ कोरडी पडते. जोडीचे अन्न ठरवताना हीच गोष्ट प्रथम पाहावी लागते. मटणातील चरबी व प्रथिने टॅनिनची धार बोथट करतात. मिठानेही कडवटपणा कमी जाणवतो. मिरचीचे याच्या उलट आहे : तिचा दाह अल्कोहोलने वाढतो आणि दाह झालेल्या जिभेला टॅनिन अधिकच खरखरीत लागते.

शिराझला मिऱ्याचा वास असतो, म्हणून ती कोणत्याही मसालेदार जेवणाबरोबर चालते, असे सर्रास सांगितले जाते. या वासाचे मूळ रोटंडोन हे संयुग. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2008 मध्ये ते शिराझमध्ये व काळ्या मिऱ्यातही असल्याचे दाखवले. पण ते थंड हवेत पिकलेल्या द्राक्षांत अधिक असते, आणि सुमारे पाचातल्या एका माणसाला त्याचा वासच येत नाही. नाशिकसारख्या उष्ण भागातील शिराझमध्ये पिकलेल्या फळाचा स्वाद पुढे असतो. तेव्हा मिऱ्याच्या भरवशावर झणझणीत तांबडा रस्सा किंवा तर्रीदार मिसळ तिच्या जोडीला ठेवू नये. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे सुके मटण, बेताच्या तिखटाचा खिमा, कोळशावर भाजलेले कबाब हे तिचे खरे सोबती. शाकाहारी ताटात भरली वांगी उत्तम : शेंगदाणे-तिळाचा स्निग्धपणा चरबीचे काम करतो आणि गोड्या मसाल्याचा करपूस वास ओकशी जुळतो. फार टॅनिन असलेल्या काबर्नेला याहून जड मांस लागते. मर्लो मऊ असल्याने पांढऱ्या रश्श्याबरोबरही जमते.

बांगडा, सुरमई यांबरोबर लाल वाइन घेतल्यास तोंडात उग्र वास रेंगाळतो. 2009 च्या एका जपानी अभ्यासात वाइनमधील लोहाचा त्याच्याशी संबंध दिसून आला. गोडाबरोबर कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) लाल वाइन आंबट लागते, म्हणून पुरणपोळीला ती जोडू नये.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा नियम थंड देशातल्या खोल्यांचा. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवून 16 ते 18 अंश सेल्सिअसला वाढावी. गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढते आणि फळाचा स्वाद दबतो.