खानदेशचा वसंत : परस, घागर आणि गौराईचा गहू

पंचांगानुसार चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने असले, तरी खानदेशात या दोन महिन्यांत शिवाराकडे पाहून कोणी वसंत म्हणणार नाही. गहू-हरभरा निघालेला असतो, दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, खळ्यावरून घरात आलेली असते, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून सरपणासाठी बांधाला रचलेल्या असतात आणि काळ्या जमिनीला पाय अडकेल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत आणि क्वचित त्याहीवर जातो. हिरवे काही उरलेच, तर ते बागायती केळीत, नदीच्या वाळूतल्या डांगरवाडीत, म्हणजे खरबुजांच्या मळ्यात, आणि घरामागच्या परसात. त्यामुळे निसर्गाला देव मानणाऱ्या इथल्या लोकांचा वसंतातला बगीचा आणि त्यांचे घरगुती जीवन समजून घ्यायचे असेल, तर फुलांच्या बहरापेक्षा पाणी आणि बियाणे कोठे, कोणी आणि कसे राखले, याचा माग काढावा लागतो.

निसर्गपूजकांचा वसंत म्हटला की आज पुष्कळांच्या नजरेसमोर युरोपातील चित्र येते. इंग्लंडमधील बीड या ख्रिस्ती भिक्षूने इ. स. ७२५ मध्ये लिहिलेल्या कालगणनेच्या ग्रंथात ईऑस्ट्रे या देवतेचा आणि तिच्या नावाच्या महिन्याचा उल्लेख केला आहे. आज पाश्चात्त्य देशांत स्वतःला पेगन म्हणवणारी मंडळी २० मार्चच्या आसपासचा विषुवदिन आणि १ मेचा बेल्टेन साजरा करतात. पण त्यांचे आठ सणांचे वर्षचक्र आजच्या रूपात विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये आकाराला आले, त्यातले काही सण जुने असले तरी. तिकडे या दिवसांत थंडीने गोठलेली माती मोकळी होते, वाफे तयार होतात, बी पडते. आपल्याकडे पेरणी मृगाची वाट पाहते आणि मृग निघतो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी. तिथला वसंत पेरणीचा असतो. इथला वसंत पेरणीपूर्वीच्या तगून राहण्याचा आहे, आणि इथल्या सणांची घडण त्यातूनच झाली आहे.

तापीचे हे खोरे उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा यांच्यामध्ये पसरले आहे. १३८२ पासून १६०१ पर्यंत येथे फारुकी सुलतानांचे राज्य होते, अकबराने असीरगड घेतल्यावर मोगल आले, पुढे मराठे आणि १८१८ मध्ये इंग्रज. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. राज्ये बदलत असताना भिल्ल, पावरा, मावची, कोकणा हे डोंगरातील समाज आणि गुजर, लेवा, राजपूत, अहिर असे मैदानातील समाज शेजारी नांदले. दोघांच्या देवादिकांत सरमिसळ झाली. ती अमक्याने तमक्याकडून घेतली असे ठामपणे सांगण्याच्या भानगडीत पडू नये, कारण गौराईपुरतेच पाहिले तरी ती सातपुड्याच्या दोन्ही अंगांना आहे.

मैदानातील बागाईतीचा पाया पाण्याच्या वाटणीत आहे. पांझरा आणि तिच्या भोवतालच्या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी फिरवण्याची फड पद्धत काही शतके जुनी आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडायचे, एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी कमी पडले तर तुटीचा वाटाही सगळ्यांनी सोसायचा, असा तिचा व्यवहार. जुन्या महसुली दप्तरांत पाटाच्या पाण्याची जमीन ती पाटस्थळ आणि विहिरीवर मोट चालणारी ती मोटस्थळ. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नव्हते, आणि बहुसंख्यांकडे काहीच नव्हते, त्याच्या वाट्याला उन्हाळ्यातले हिरवे रान म्हणून घरामागचा परसच येई.

हा परस सांडपाण्यावर जगे. खानदेशातील जुने घर धाब्याचे : जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर काटक्या व पाला आणि सर्वांत वर पावसाचे पाणी मुरू न देणारी खारी माती. न्हाणीतून निघणारी नाली भिंतीला छेद देऊन मागे जाई आणि तिच्या तोंडाशी केळीचे एखादे बेट, अळू, कढीपत्ता, एखादे लिंबू किंवा पपई, आणि जरा उंचावर, साबण-राखेचे पाणी जाऊ नये म्हणून वेगळी, तुळस असे. आंघोळीला घंगाळभर पाणी मिळणाऱ्या काळात तेच पाणी आधी अंगावर, मग केळीला, अशी त्याची वाटचाल होती. वर धाब्यावर याच दिवसांत कुरडया, शेवया, पापड आणि ज्वारीचे बिबडे वाळत पडलेले असत. उकिरडा रिकामा करून शेणखताच्या गाड्या शेतात नेण्याचे, वांगी-मिरचीचे राखून ठेवलेले फळ फोडून बी काढण्याचे आणि ते राखेत घोळून गाडग्यात भरण्याचे कामही याच महिन्यांतले. बी-बियाण्याचे हे खाते जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या हाती होते. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते ज्या वाणाला मिळाले तो वाण या गाडग्यांतून उतरत आला आहे, याची नोंद कागदोपत्री फारशी होत नाही.

याच घरात गौराई बसते. उर्वरित महाराष्ट्रात चैत्रगौरीचे हळदीकुंकू चैत्र शुद्ध तृतीयेपासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत चालते. खानदेशात तिचा सारा भर शेवटच्या दिवसावर, म्हणजे अक्षय्य तृतीयेवर, येथील बोलीत आखाजीवर येतो. गौर बहुधा लाकडी असते, घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, रंग उडाला की पुन्हा रंगवून घेतलेली. तिच्यापुढे टोपलीत किंवा मातीच्या पसरट भांड्यात माती व शेणखत घालून गहू पेरतात. रात्रभर भिजवलेले दाणे दाटीने पसरायचे, वरून मातीचा पातळ थर द्यायचा, आणि रोज हाताने पाणी शिंपडायचे, ओतायचे नाही. ओतले की दाणे एका बाजूला वाहून जातात आणि कुजतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरे कोंब वर येतात. देव्हाऱ्याच्या अंधाऱ्या कोनाड्यात ऊन पोहोचत नसल्याने पात्यांत हरितद्रव्य तयार होत नाही आणि ती हळदीसारखी पिवळी, लांबट, मऊ वाढतात. गौराईला हा पिवळा रंगच प्रिय मानला जातो. मुली गाणी म्हणत तिच्यासाठी पाणी आणतात, आणि या गाण्यांत सासर, माहेर, भाऊ आणि शंकर यांचा विषय निघाला नाही असे होत नाही.

सातपुड्यापलीकडच्या निमाडात हीच रीत गणगौर या नावाने चैत्र शुद्ध तृतीयेला पूर्ण होते. तिथे देवी रणुबाई आहे आणि तिचा पती धणियेर राजा हा सूर्य. तेथेही टोपल्यांत गहू पेरले जातात आणि ते ज्या घरात वाढतात त्या जागेला देवीची वाडी म्हणतात. खानदेशात रणुबाई कानबाईच्या जोडीने येते, पण श्रावणात. एकाच देवीच्या नावाने एकीकडे चैत्रात धान्य रुजते आणि दुसरीकडे श्रावणात रोटांचा नैवेद्य होतो, यावरून सणांची नावे टिकली तरी त्यांचे महिने पाण्याच्या आणि कामाच्या सोयीने सरकत गेले असावेत असे मला वाटते.

आखाजीचा दुसरा भाग घागरीचा. कुंभाराकडून नवी घागर आणून ती पाण्याने भरतात, वर डांगर, आंबा आणि सांजोऱ्या ठेवतात, आणि ती पितरांच्या नावाने पुजतात. पुरणपोळी-आमरसाचा घास विस्तवावर आगारी म्हणून देतात. गेलेल्या माणसांना वैशाखात आधी पाणी द्यावे ही कल्पना या हवामानात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. अनेक घरांत घागर पुजेपर्यंत आंबा खात नाहीत. हे बंधन धार्मिक आहेच, पण कोवळी फळे झोडून झाड रिकामे करण्यालाही त्याने आळा बसे. माहेरवाशिणी आलेल्या असतात, निंबाच्या फांदीला झोके बांधलेले असतात, आणि निंबच का, तर या दिवसांत गर्द सावली देणारे झाड तेच. पुरुषांची आखाजी पत्त्यांच्या डावावर बसते, ते सोडून देऊ. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतगड्याचे, वर्ष मात्र याच दिवशी सुरू होते : जुना करार संपतो, नवा ठरतो, आणि नांगरटीपासून पुढच्या आखाजीपर्यंत माणूस बांधला जातो. शेतीचे आर्थिक वर्ष आणि गौराईचा गहू एकाच तिथीला यावेत यात नवल नाही, कारण दोन्ही व्यवहार शेत रिकामे असतानाच करता येतात.

टोपलीत धान्य रुजवून ते विसर्जित करण्याची ही रीत जगात एकटी नाही. प्राचीन अथेन्समध्ये स्त्रिया ॲडोनिस या देवाच्या नावाने मडक्यांच्या खापरांत सॅलडची पाने, बडीशेप यांसारखे बी पेरून ती घराच्या छपरावर उन्हात ठेवीत. रोपे झपाट्याने उगवत, सुकत, आणि पाण्यात सोडून दिली जात. ग्रीक लेखकांनी त्याची थोडी टिंगलही केली आहे, कारण त्यातून पीक येत नसे. गौराईच्या गव्हाचेही पीक येत नाही. तरीही पेरणीच्या सव्वा महिना आधी, घरात ठेवलेल्या बियांपैकी किती उगवतात हे दिसते. उगवणशक्ती तपासण्याची ही रीत होती असे पुष्कळ जण सांगतात. गहू हे रब्बीचे पीक असल्याने हे स्पष्टीकरण पुरते पटत नाही. आखाजीच्या सुमारास गहू नुकताच घरात आलेला असतो, आणि नव्या धान्यातून देवीचा वाटा तिला जिवंत रूपात द्यायचा, एवढाच अर्थ मला अधिक नैसर्गिक वाटतो.

सातपुड्यात वसंताची सुरुवात याआधी, माघाच्या अखेरीस आणि फाल्गुनात होते. महाशिवरात्रीला नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्याच्या सीमेपलीकडे, गुजरातमधील सागबारा तालुक्यात देवमोगरा येथे याहा मोगी या देवीची यात्रा भरते, आणि भाविक बांबूच्या नव्या टोपलीत नवे धान्य घेऊन तिथे जातात. ती धान्य देणारी आई आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या नावाचे होळीचे बाजार भरतात. काठी या गावातील राजवाडी होळी १२४६ पासून चालत आल्याचे परंपरा सांगते. काठी हे इंग्रजी अमदानीतील मेवासी, म्हणजे भिल्ल प्रमुखांच्या छोट्या, संस्थानांपैकी एक. रानातून आणलेला उंच बांबू खड्ड्यात उभा करून रात्रभर नाच होतो आणि पहाटे होळी पेटते. नाचणारे बावा आणि बुध्या अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू व वाळलेले दुधीभोपळे बांधतात, आणि त्याआधी खाटेवर न झोपणे, ब्रह्मचर्य राखणे अशी पालनी पाळतात.

हे भोपळे घरच्याच वेलाचे असतात. पाड्यातील घरे मैदानी गावासारखी एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येक घर आपल्या शेतात उभे, कुडाच्या भिंती शेणमातीने लिंपलेल्या, आणि पावसाळ्यात छपरावर चढवलेला दुधीचा वेल. फळे हिवाळ्यात वेलावरच वाळू देतात. गर काढून टाकला की त्यांचे पाण्याचे भांडे होते, बियाण्याची कुपी होते, किंवा होळीचा शृंगार. मक्याची बियाण्याची कणसे चुलीवरच्या आढ्याला टांगतात, धुराने कीड लागत नाही. फाल्गुन-चैत्रात मोहाखालची जमीन झाडून ठेवतात आणि पहाटे गळालेली फुले बायका-मुले वेचून अंगणात वाळत घालतात. पावऱ्यांच्या इंदल पूजेत कळंबाच्या फांद्या आणून रोवतात आणि रात्रभर गाणी चालतात. देवासाठी वेगळे देऊळ बांधण्याची या समाजांना फारशी गरज भासली नाही. फांदी, कणगी आणि चूल यांवर भागले.

या घरगुती धर्माला सरकारी कागदावर नाव देताना मात्र बराच गोंधळ झाला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांची पलटण उभारली, आणि भिल्लांना जमीन व तगाई देऊन स्थायिक करण्याचे धोरण चालले. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात फिरती शेती, मोह, बांबू या सर्वांवर परवान्याची सावली पडली. १९०१ व १९११ च्या जनगणनेत अशा समाजांचा धर्म ॲनिमिस्ट म्हणून नोंदला गेला, १९३१ मध्ये आदिवासी धर्म असे सदर आले, आणि १९५१ पासून ते स्वतंत्र सदर उरले नाही. आज काही तरुण स्वतःला निसर्गपूजक म्हणवून घेतात आणि वेगळ्या नोंदीची मागणी करतात. काही जण तेवढ्याच ठामपणे स्वतःला हिंदू म्हणतात, आणि एकाच घरात दोन्ही मते आढळतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याच्या जमिनीचा आणि गौण वनोपजाचा हक्क मान्य केला, त्यामुळे मोहाखालची झाडलेली जमीन निदान कागदावर तरी चोरीची राहिली नाही.

सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींत गेलेल्या कुटुंबांना शेत एकीकडे आणि ओळीत आखलेला घराचा भूखंड दुसरीकडे मिळाला. घराभोवतीचे शेत संपले, आणि दुधीचा वेल पत्र्यावर चढवला तर तो उन्हाळ्याआधीच होरपळतो. मैदानातील धाब्याची घरेही स्लॅबची झाली, न्हाणीचे पाणी गटारात जाऊ लागले आणि परस आक्रसला. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात राहणारी खानदेशी कुटुंबे आखाजीची घागर गॅलरीत पुजतात आणि गौराईचा गहू दुकानातल्या पाकिटातून घेऊन प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये पेरतात. तो खिडकीशी ठेवला तर हिरवा उगवतो, म्हणून जाणत्या बायका त्यावर टोपली पालथी घालतात.