पुढचा दगड, मागचा डोंगर : फोटोतल्या फोरग्राउंडची पार्श्वभूमी

राजगडाच्या संजीवनी माचीवर उभं राहून तोरण्याचा फोटो काढला की बहुतेक वेळा हाती एक निळसर पट्टी लागते. वर आभाळ, खाली धुरकट दरी, मधे तोरणा. डोळ्यांना जे भव्य वाटलं होतं ते फोटोत उतरलेलं नसतं. त्याच जागी उकिडवं बसा आणि माचीच्या चिलखती तटाचं वळण फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात घ्या. काळे, ओलसर दगड, सांध्यांत उगवलेलं गवत, दगडावरचं पांढुरकं शेवाळ. तोरणा लगेच मागे सरकतो आणि मधली दरी किती खोल आहे ते जाणवायला लागतं. नजरेला पहिलं पाऊल टाकायला जागा मिळालेली असते.

ही युक्ती आज कुठल्याही फोटोग्राफी कार्यशाळेत पहिल्या तासाला शिकवतात. पण ती कॅमेऱ्याहून खूप जुनी आहे. तिचा प्रवास पाहिला की एक गोष्ट लक्षात येते : फोटोत पुढे काय ठेवायचं हे सौंदर्यदृष्टीइतकंच काचेनं, रसायनांनी आणि धंद्यानंही ठरवलं आहे.

चित्रकारांनी हा प्रश्न आधी सोडवला. चीनमध्ये सोंग राजवटीतल्या क्वो शी या चित्रकारानं अंतराचे तीन प्रकार सांगितले होते : खालून शिखराकडे पाहताना दिसणारं, दरीतून आत आत जाणारं आणि सपाटीवरून लांबवर पसरलेलं. त्याच्या १०७२ सालच्या वसंतचित्रात सगळ्यात पुढे खडक आणि वेडीवाकडी झाडं आहेत, आणि पर्वत त्यांच्यामागून धुक्यातून वर येतो. युरोपात सतराव्या शतकात रोममध्ये राहणाऱ्या क्लोद लोरँनं याचा जणू साचाच तयार केला. एका बाजूला गडद झाड, मधे उजेड, मागे निळे डोंगर. त्या गडद झाडासारख्या वस्तूला फ्रेंचमध्ये ‘रपुस्वार’ म्हणतात, म्हणजे मागे ढकलणारी वस्तू. फोरग्राउंडचं, म्हणजे चित्राच्या पुढच्या भागाचं, काम याहून नेमक्या शब्दात सांगता येणार नाही.

अठराव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांना या साच्याचं वेडच लागलं. गडद रंगाचा छोटा बहिर्गोल आरसा खिशात घेऊन ते फिरत. सुंदर जागा आली की तिच्याकडे पाठ करायची आणि आरशात ती क्लोदच्या चित्रासारखी दिसते का ते पाहायचं. आरशालाही त्याचंच नाव होतं. याच काळात विल्यम गिल्पिन या पाद्र्यानं ‘चित्रासारखा देखावा’ कसा ओळखावा याचे नियम लिहिले. पुढचा भाग खडबडीत हवा, गुळगुळीत नको, हा त्यातला एक. वाय नदीच्या प्रवासावरच्या १७८२ सालच्या पुस्तकात टिंटर्नच्या पडक्या मठाबद्दल तो लिहितो, की त्याच्या भिंतींचे कोन फार नीटस आहेत, एखादी मोगरी (लाकडी हातोडी) विचारपूर्वक चालवली तर बरं होईल. देखावा चित्रात बसावा म्हणून जागेलाच हात लावायची ही इच्छा इतकी जुनी आहे. तिच्याकडे पुढे परत यावं लागेल.

हाच साचा जहाजातून हिंदुस्थानात आला. टॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी १७८६ पासून इथे काही वर्षं भटकंती केली. कॅमेरा ऑब्स्क्युराच्या, म्हणजे समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या पेटीच्या, मदतीनं त्यांनी रेखाटनं केली, आणि त्यांवरून पुढे १४४ ॲक्वाटिंट (छापील) चित्रांचा मोठा संच काढला. देवळं आणि घाट आपले, पण पुढे सोडलेलं झाड आणि त्याच्या सावलीतली माणसं क्लोदच्या घरची. वेरुळाची त्यांची चित्रं १८०३ साली निघाली, ती जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. वेल्स पुण्यात पेशव्यांच्या दरबारी चित्रं काढत होता, आणि गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार त्याच्याबरोबर काम करत होता. गंगारामनं स्वतःही वेरूळ रेखाटलं आहे. आपल्याकडच्या लघुचित्रांत तोवर पुढचं-मागचं असं सहसा मांडत नसत. जवळचं खाली, लांबचं वर, आणि दोन्ही सारखंच स्पष्ट. एकाच माणसाच्या पायांपासून सुरू होणारा देखावा ही आपल्या डोळ्यांना नवी गोष्ट होती.

जपानमध्ये वेगळंच घडलं. हिरोशिगे या चित्रकारानं १८५७ मध्ये एदो (आजचं टोकियो) शहरातल्या एका बागेचं चित्र काढताना आलुबुखाऱ्याच्या जातीच्या झाडाची जाडजूड फांदी थेट चित्राच्या आडवी घातली. बाग आणि माणसं त्या फांदीच्या फटींतून दिसतात. क्लोदचं झाड बाजूला अदबीनं उभं असतं, हिरोशिगेचं झाड वाटेतच येतं. व्हॅन गॉगनं १८८७ मध्ये या चित्राची तैलरंगात नक्कल केली. आजचा वाइड अँगलचा फोटो पाहताना मला क्लोदपेक्षा हिरोशिगेच जास्त आठवतो.

कॅमेरा आला तेव्हा त्याच्या स्वतःच्या अडचणी होत्या. १८५० च्या दशकात रूढ झालेल्या ओल्या कलोडियन काचेला, म्हणजे रसायनाचा ओला थर दिलेल्या काचेला, जवळजवळ फक्त निळा प्रकाश कळायचा. आभाळ त्यामुळे पांढरं फट्ट यायचं. लांबच्या डोंगरांवरची धूसरताही निळी, म्हणून तेही फिके पडायचे, आणि जवळची हिरवी झाडी काळीभोर. म्हणजे चित्राचा सगळा भार आपोआप पुढच्या भागावर. वरचं कोरं आभाळ झाकायला झाडाची फांदी कामी यायची, मात्र वारा नसेल तर, कारण काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे.

सॅम्युअल बोर्न हा नॉटिंगहॅमचा बँकेतला कारकून १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्यानं हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या. काचा, रसायनं, अंधाऱ्या खोलीचा तंबू, हे सगळं हमालांच्या डोक्यावर. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि तिथेच धुवायचा. १८६६ मध्ये मनिरंग खिंडीत, १८ हजार फुटांच्या वर, त्यानं अशा काचा वापरल्या. हिमालय चित्रात बसत नाही, अशी त्याची तक्रार होती. इंग्लंडातल्यासारखं तळं, पूल, झाडी पुढे मिळत नाही, नुसतीच प्रचंड शिखरं. काश्मीरमध्ये पाणी आणि चिनार मिळाले तेव्हा त्याचा जीव रमला. त्याची काश्मीरची चित्रं मला आवडतात, पण मनिरंगचे ते उघडेबोडके बर्फ आणि दगड जास्त खरे वाटतात. तिथे त्याला साचा सोडावा लागला होता.

पुढे माणूस उभा करायची पद्धतही याच काळातली. मॅक्सिम द्यु काँ हा फ्रेंच लेखक १८४९ ते १८५१ दरम्यान इजिप्त आणि आसपास फिरला. आपल्या होडीवरच्या हाजी इस्माईल या खलाशाला तो देवळांच्या खांबांपाशी, पुतळ्यांपाशी उभा करी. पुतळा केवढा आहे ते कळावं, हा हेतू. आज कड्याच्या टोकावर लाल जॅकेट घालून पाठमोरा उभा राहणारा ट्रेकर हा त्या खलाशाचाच वंशज आहे. फरक एवढाच, की त्याला उभं राहायला कुणी सांगत नाही.

पण फोरग्राउंडला खरी बाजारपेठ दिली ती स्टिरिओस्कोपनं. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनानंतर हे खेळणं घराघरांत गेलं. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. तेवढ्याच अंतरानं घेतलेली दोन चित्रं दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखवली की खोली दिसते. गंमत अशी, की लांबच्या डोंगराची दोन्ही चित्रं सारखीच येतात. त्यामुळे फक्त डोंगर असेल तर स्टिरिओचं कार्ड सपाटच दिसतं. हाताच्या अंतरावर खांब, फांदी, माणूस, दगड असला की मगच ते जिवंत होतं. बाजूला झुडूप हवं हा सल्ला इथे कलेचा राहिला नाही. त्याशिवाय माल खपतच नव्हता.

या प्रकरणात आपला अजिंठा आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४० च्या दशकात लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला अजिंठ्याला आला आणि त्याची पुढची सगळी हयात त्याच मुलखात गेली. त्यानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण १८५० च्या दशकात त्यानं कॅमेराही हाती घेतला होता. पश्चिम हिंदुस्थानातली वास्तुकला आणि निसर्ग यांवरचा त्याच्या शंभर स्टिरिओ चित्रांचा संग्रह १८६४ मध्ये, जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह, लंडनला छापला गेला. स्टिरिओसाठी लेण्याहून चांगली जागा कुठली असणार? पहिला खांब हाताशी, त्यामागे दुसरा, तिसरा, आणि शेवटी अंधारात स्तूप. तिथे फोरग्राउंड शोधायला लागत नाही, कारागिरांनी ते कोरूनच ठेवलं आहे.

पुढची अडचण फोकसची होती. जवळचा दगड आणि लांबचा डोंगर दोन्ही एकदम स्पष्ट आणणं अवघड. पी. एच. इमर्सन या ब्रिटिश फोटोग्राफरनं १८८९ मध्ये उलटच मांडलं, की डोळा एका वेळी एकच गोष्ट नीट पाहतो, तर बाकीचं मऊ सोडा. पण जिंकली दुसरी बाजू. थिओडोर शाइम्फ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यानं हवाई फोटोंवरून नकाशे करण्यासाठी जो नियम १९०४ च्या पेटंटमध्ये मांडला, तो निसर्ग-फोटोग्राफरांना लाभला. भिंग थोडं पुढे झुकवलं की पायाजवळच्या गवतापासून क्षितिजापर्यंत सगळं फोकसमध्ये येतं. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरेंनी गट काढला आणि त्याला नावच दिलं ‘एफ/६४’, भिंगाच्या अगदी बारीक छिद्राचं.

ॲडम्सचा १९४४ चा माउंट विल्यमसनचा फोटो हा या परंपरेचा कळस आहे. अर्ध्याहून अधिक चित्र नुसत्या दगडांनी भरलेलं, हत्तीच्या पाठीएवढे गोलसर धोंडे, आणि मागे ढगांतून उतरणाऱ्या उन्हाच्या तिरिपी. गाडीच्या टपावर बांधलेल्या फळीवर मोठा कॅमेरा लावून त्यानं तो घेतला. ही जागा कॅलिफोर्नियातल्या मँझनारची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना जिथे काटेरी तारांमागे डांबलं, ती छावणी तिथलीच, आणि ॲडम्स तिचेच फोटो काढायला तिकडे जात होता. या फोटोत तार नाही, बराक नाही, माणूस नाही. त्यानं छावणीतल्या माणसांची वेगळी चित्रं काढली आणि १९४४ मध्येच छापली, म्हणून त्याला दोष देत नाही. पण पुढे दगड ठेवायचा की तार, हा निर्णय असतो, एवढं या फोटोसमोर कायम आठवतं.

हलक्या कॅमेऱ्यांना एसएलआरचा, म्हणजे भिंगातून येणारं दृश्य डोळ्याकडे वळवणारा, आरसा आला आणि रुंद भिंगांची पंचाईत झाली, कारण भिंगाची मागची बाजू आरशाला अडायची. फ्रान्सच्या अँजेन्यू कंपनीनं १९५० मध्ये मागे आरशापुरती जागा सोडणारं, रेट्रोफोकस रचनेचं भिंग काढून ती वाट मोकळी केली. त्यानंतर डेव्हिड म्यूंचसारख्या अमेरिकन फोटोग्राफरांनी ‘जवळ-दूर’ पद्धतच जणू रूढ केली : भिंगापासून हातभर अंतरावर फूल, मागे पर्वत. गेलन रॉवेलनं अर्धी गडद, अर्धी पारदर्शक फिल्टरं करवून घेतली, म्हणजे उजळ आभाळ आणि सावलीतलं पुढचं रान एकाच स्लाइडवर मावू लागलं. २००८ पासून फोटोशॉपमध्ये वेगवेगळ्या फोकसचे फोटो आपोआप एकत्र जोडता येऊ लागले आणि उरलासुरला अडसरही गेला.

इथे एक साधा हिशोब करू. ५ सेंटिमीटरचं फूल भिंगापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर त्याचं प्रमाण एकास सहा. ३०० मीटर उंचीचा डोंगर ३ किलोमीटरवर असेल तर एकास दहा. म्हणजे फोटोत फूल डोंगराहून मोठं. ही भिंगाची जादू नाही, अंतराची आहे. रुंद भिंग फक्त दोन्हींना एका फ्रेममध्ये बसवतं. म्हणून फोटोग्राफरला फुलाच्या अगदी जवळ जावंच लागतं, गुडघ्यांवर, कोपरांवर, पोटावर.

कासच्या सड्यावर याचा अर्थ काय होतो तो पाहिला आहे. जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम काही बोटं. त्यात सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशात गेली, त्यांत कास आहे. ओल्या सड्यावर एक माणूस आडवा झाला की तो उठल्यावर त्याच्या अंगाच्या मापाचा डाग मागे राहतो. सीतेच्या आसवांचे देठ करंगळीच्या नखानं मोडतील इतके नाजूक असतात, ते परत उभे राहत नाहीत. नंतर दुसरा फोटोग्राफर येतो आणि डाग टाळून पुढच्या अस्पर्श तुकड्यात झोपतो. २०१९ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोरजवळच्या टेकड्यांवर पॉपीची फुलं बघायला एवढी गर्दी लोटली आणि एवढी फुलं तुडवली गेली, की गावाला रस्ता बंद करावा लागला. गिल्पिनची मोगरी आता बुटांत आली आहे.

रघुबीर सिंग या भारतीय फोटोग्राफरनी वेगळी वाट काढली होती. त्यांना आपल्या लघुचित्रांची भरगच्च चौकट जवळची वाटे. अँबॅसिडर गाडीतून देशभर फिरताना त्यांनी गाडीलाच फोरग्राउंड केलं : काचेची कड, बाजूचा आरसा, अर्धं उघडं दार. २००२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, या फोटोंचं पुस्तक निघालं. त्यांत गडद झाड नाही, फूल नाही, आपण गाडीतून जाणारे प्रवासी आहोत हे मात्र प्रत्येक चौकटीत दिसतं.

ताडोब्यातही जिप्सीतून उतरता येत नाही. मग पुढचं गवत जसं आहे तसं, लांब भिंगातून धूसर होऊन येतं आणि वाघ त्यातून बघतो. कासला गेल्या दोन खेपांना मीही १०० मिलिमीटरचं भिंग घेऊन वाटेवरूनच काम केलं. वाटेच्या कडेला बसलं, भिंग सोनकीच्या उंचीवर आणलं, फोकस लांबच्या तळ्यावर ठेवला, की जवळची फुलं विरघळून खालचा तिसरा हिस्सा पिवळ्या धुक्यानं भरतो. हिरोशिगेच्या फांदीसारखी ती वाटेत येतात, आणि तळं त्यांच्या फटीतून दिसतं.