सोन्याची खाण: कोलारची आणि मॅलाकॉफची

इंदूरच्या मराठी घरांतलं कुणी ना कुणी हल्ली कॅलिफोर्नियात असतं. उन्हाळ्यात आई-वडील तिकडे जातात, योसेमिटी वगैरे पाहून होतं आणि मग एखादा हौशी जावई त्यांना नेवाडा काउंटीतल्या मॅलाकॉफ डिगिन्स या जुन्या सोन्याच्या खाणीवर नेतो. दोन दिवसांत कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो येतो: अंधारा बोगदा, ओल्या दगडी भिंती आणि खाली ओळ, ‘अमेरिकेचं कोलार’. त्यावर कुणी काका लिहितात, ‘अजून खोल गेले असते तर केवढं सोनं मिळालं असतं!’ मला या दोन्ही वाक्यांचा वीट आलाय.

कोलार आपल्याला माहीत आहे, तेव्हा ते झटपट उरकतो. अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास जुना कठीण खडक, त्यात गारगोटीच्या शिरा, शिरांत सोनं. जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने 1880 पासून तिथे पद्धतशीर खोदकाम केलं, 1902 मध्ये शिवसमुद्रमहून वीज आली, चॅम्पियन रीफ या शिरेवरचं काम तीन किलोमीटरच्या खाली पोचलं आणि 28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली. शीर जिकडे वळेल तिकडे माणूस वळतो, ती खाली गेली की तोही खाली जातो. इथे ‘अजून खोल’ म्हणण्याला अर्थ आहे.

मॅलाकॉफला नाही, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. तिथलं सोनं त्या जागी तयारच झालेलं नाही. ते वाहून आलंय. भूवैज्ञानिक अशा साठ्याला प्लेसर म्हणतात.

आपल्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला सगळे जातात. पण सराफांच्या दुकानांपुढची धूळ झाडून नेणारे न्यारिये फार थोड्यांनी नीट पाहिलेत. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात. ते धूळ पाण्यात घोळवतात, हलकी माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. ते सोनं रस्त्यात उगवलेलं नसतं, दुकानातल्या कानशीखालून आलेलं असतं. आता एखाद्याने ठरवलं, की वरच्या धुळीत इतकं मिळतं तर फरशी उखडून दहा फूट खणू, तर त्याला काय मिळेल? माळव्याची काळी माती आणि तिच्याखाली काळा दगड. काकांचं ‘अजून खोल’ नेमकं हेच आहे.

मॅलाकॉफमध्ये दुकानाच्या जागी सिएरा नेवाडाचे डोंगर होते. त्यांतल्या गारगोटीच्या शिरा ऊन-पावसाने झिजल्या, फुटल्या आणि चार-पाच कोटी वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या नदीने तो चुरा वाळू-गोट्यांसकट वाहून आणला. गारगोटीची घनता 2.65, सोन्याची 19.3, म्हणजे सातपटीहून जास्त. पुरात गोट्यांचा सगळा थर हलतो तेव्हा सोन्याचा कण फटीफटीतून खाली सरकत जातो, तळाचा कातळ लागला की अडतो आणि त्याच्या भेगांत बसतो. म्हणून साठ्याचा सर्वांत श्रीमंत भाग अगदी तळाचा, कातळाला चिकटलेला. तिथवर काकांचं बरोबर. पण त्या कातळाशी साठा संपतो. कातळ फोडलात तर मिळेल तो नुसता कातळ. आणखी सोनं हवं असेल तर खाली नाही, नदीच्या उगमाकडे शोधायचं. आणि तिथेही मूळ शीर शिल्लक असेलच असं नाही. कदाचित ती पूर्ण झिजून गेली, म्हणूनच तर गोट्यांत एवढं सोनं आलं.

‘नदी म्हणता, पण हे तर डोंगरावर आहे,’ हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. ती नदी आज नाही. तिच्या पात्रावर पुढे ज्वालामुखींची राख आणि चिखल साचला, मग सिएरा उचलला गेला आणि आजच्या युबा नदीच्या फाट्यांनी खोल दऱ्या कापल्या. जुन्या पात्राचे तुकडे वर, डोंगराच्या धारेवर, अधांतरी राहिले. ज्यांना नदीतलं सोनं म्हणजे आजच्या वाहत्या पाण्यातलं सोनं एवढंच ठाऊक असतं, ते डोंगरावर सोनं दिसताच ‘शीर असणार’ म्हणून मोकळे होतात. गोटे पाहा की! शिरेतली गारगोटी फुटली तर तिला कडा असतात. इथले दगड गुळगुळीत घासलेले आहेत, आणि तसे ते पाण्यानेच होतात. वरचे थर तांबूस आणि तळाचे निळसर दिसतात, त्यावरूनही दोन वेगळ्या खनिजांच्या गोष्टी रचल्या जातात. गोटे तेच. वरचं लोह गंजलंय, खालचं नाही.

राहिला फोटोतला बोगदा. तो गटार आहे. हो, गटारच. शिरेचा पाठलाग करायला तो खणलाच नव्हता. 1853 मध्ये एडवर्ड मॅटिसनने नळीच्या जोरदार पाण्याने टेकडी धुऊन काढायची युक्ती काढली. पुढे पाणी फेकणाऱ्या ‘मॉनिटर’ नावाच्या लोखंडी तोफांनी अख्खे डोंगर विरघळवले जाऊ लागले. खड्डा खोल गेला तसा तो राडा बाहेर काढायला उतार उरेना, म्हणून मॅलाकॉफ खणणाऱ्या नॉर्थ ब्लूमफील्ड कंपनीने खालून सुमारे 2.4 किलोमीटरचा बोगदा काढला. तो 1874 मध्ये पुरा झाला. चिखलपाणी त्यातून वाहायचं, वाटेतल्या लाकडी पन्हळींत पारा टाकलेला असायचा आणि तो सोनं धरून ठेवायचा. पर्यटक आज ज्यातून चालत जातात तो हिलर बोगदा लहान आहे, पण कामाने तोही निचऱ्याचाच. खरी खाण म्हणजे बाहेरचा उघडा, रंगीत कड्यांचा प्रचंड खड्डा, ज्याच्याकडे पाठ करून मंडळी बोगद्यात सेल्फी काढतात. कोलारसारखंच काही पाहायचं असेल तर त्याच काउंटीतल्या ग्रास व्हॅलीला एम्पायर माइन आहे. ती शिरेवरची खाण, 1956 पर्यंत चालली. ‘अमेरिकेचं कोलार’ तिला खुशाल म्हणा.

कणांचे आकार, सोन्याचा कस वगैरे फरक किरकोळ आहेत, त्यांत शिरत नाही.

‘सोनं संपलं म्हणून बंद पडली’ हे मात्र दोन्हींबद्दल सर्रास ठोकून दिलं जातं, तेवढं सांगतो. कोलारमध्ये टनामागचं सोनं घटत गेलं आणि इतक्या खोलीवरची उष्णता, दाबाने खडकांचे आपोआप होणारे स्फोट आणि खर्च परवडेना. मॅलाकॉफचं कारण निराळं. टेकड्यांचा गाळ युबातून खाली सपाटीवर आला, नदीचं पात्र उचललं गेलं, मेरिसव्हिल गावाला पूर येऊ लागले, शेतं गोट्यांखाली गेली. तिथला जमीनमालक एडवर्ड्स वुडरफ कंपनीविरुद्ध कोर्टात गेला आणि 7 जानेवारी 1884 ला न्यायाधीश लोरेंझो सॉयर यांनी निकाल दिला (आपल्याकडे तेव्हा दुसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते). त्यांनी पाण्याने खोदण्यावर बंदी घातली असं लिहिणारेही पुष्कळ आहेत. बंदी गाळ नदीत सोडण्यावर होती. पण गाळ टाकायला दुसरी जागा नव्हती, त्यामुळे धंदा बसला. खड्ड्याच्या कड्यांत सोन्याचे बारीक कण अजून आहेत. भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने 1917 मध्ये सिएरातल्या अशा खाणींच्या गाळाचा हिशेब मांडला, तो शंभर कोटी घनमीटरच्या वर गेला. त्या पन्हळींतून निसटलेला पारा आजही युबाच्या गाळात सापडतो.