ताडोब्याच्या लॉजमध्ये राहताना: कोअर आणि बफर यांतला फरक

ताडोब्याजवळचा महागडा लॉज ठरवणाऱ्यांच्या हातात जे पॅकेज येतं, त्यात बहुतेक वेळा 'दोन जंगल सफारी' एवढंच लिहिलेलं असतं. कोअरची की बफरची, आणि कुठल्या फाटकाची, हे विचारायचं राहून जातं. मग फाटकावर पोचल्यावर वाद होतो, आणि त्यात चूक ना गाईडची असते ना जिप्सीवाल्याची (जिप्सी म्हणजे सफारीची उघडी जीप).

दोन्ही शब्द कायद्यातून आलेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 साली झालेल्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग ठरवले. आतला गाभा म्हणजे कोअर. तिथे वाघाला माणसाचा त्रास होऊ नये म्हणून गावं हलवायची, गुरं-शेती ठेवायची नाही. त्याभोवतीचा पट्टा म्हणजे बफर, तिथे गावं, शेतं आणि जंगल एकत्र नांदतात. ताडोबा-अंधारीत कोअर सुमारे 625 चौरस किलोमीटर आहे आणि बफर सुमारे 1,100. म्हणजे 'बाजूचा पट्टा' हा गाभ्याच्या जवळजवळ पावणेदोन पट मोठा. कोअरमधली जामणी, नवेगाव ही गावं उठली. गावठाणांच्या जागी आता गवताची कुरणं आहेत आणि चितळ-सांबर तिथे चरायला येतात, म्हणून मोहर्ली फाटकाकडून जाणाऱ्या गाड्या जामणीला हमखास रेंगाळतात.

कोअरमध्ये एकही खासगी लॉज नाही. 'जंगलाच्या आत' अशी जाहिरात असलेला प्रत्येक लॉज बफरमध्ये किंवा त्याच्याही बाहेर, खासगी जमिनीवर आहे. त्यामुळे बाल्कनीतून दिसणारं जंगल कोअर समजू नका.

खरा गोंधळ होतो तो फाटकांच्या नावांवरून. मोहर्ली हे कोअरचं फाटक, पण त्याच्याच परिसरातली आगरझरी, देवाडा, अडेगाव, जुनोना ही बफरची. उत्तरेला कोलारा कोअरचं, पण शेजारचं मदनापूर बफरचं. दोन फाटकांमध्ये कधीकधी गाडीने दहा-पंधरा मिनिटांचंच अंतर असतं, पण परवाना एकाचा असेल तर दुसऱ्यावर चालत नाही. लॉजला ईमेल करताना 'सफारी कोअरची आहे का?' असं विचारलं, तर 'हो, कोअर एरियाजवळ' असं गुळमुळीत उत्तर येऊ शकतं. त्यापेक्षा 'परवान्यावर कुठल्या फाटकाचं नाव येणार?' असं विचारा. तिथे एकाच नावात उत्तर द्यावं लागतं.

याहून महाग पडणारी चूक अंतराची. नकाशावर मोहर्ली आणि कोलारा एकाच डांबरी रस्त्याने जोडलेली दिसतात, पण तो रस्ता कोअरमधून जातो आणि तुमची गाडी त्यावरून जाऊ शकत नाही. बाहेरून वळसा घालायला दोन तासांहून कमी लागत नाहीत. खोली मोहर्लीला आणि सकाळची सफारी कोलाऱ्याची असेल, तर रात्री तीनला उठावं लागतं, आणि ज्या पलंगाचे एवढे पैसे मोजले त्यावर झोपायलाच मिळत नाही. म्हणून आधी परवाना, मग त्या फाटकाजवळची खोली. सुट्ट्यांच्या दिवसांत कोअरचे परवाने फार लवकर संपतात. खोल्या त्या मानाने मिळतात.

आत गेल्यावर काय वेगळं? गाडी दोन्हीकडे जिप्सीच, सहा पर्यटक, चालक आणि गाईड. दोन्हीकडे गाडीतून उतरायचं नाही. कोअरमध्ये गाड्यांची संख्या ठरलेली, वेळ काटेकोर. फाटकावर उशिरा परतलेल्या गाडीवर कारवाई होते. समोर वाघीण पाणवठ्यावर बसलेली असताना चालक अचानक गाडी का वळवतो, याचं कारण हे घड्याळ असतं. त्याला बक्षिशी वाढवून थांबवू नका. कोअरमध्ये ताडोबा तलाव, पांढरपौनी, तेलिया अशी बारमाही पाण्याची ठिकाणं आहेत, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात तिथे चार तास पाणवठा धरून बसणं फळतं. बफरमध्ये वाटेत गुराखी, बैलगाडी, मोहाखाली टोपली घेतलेल्या बायका दिसतात. नाक मुरडणाऱ्यांना हे 'जंगल' वाटत नाही. पण वाघाला रेषा कुठे ठाऊक? जुनाबाईसारखी वाघीण मदनापूर बफर आणि कोलारा कोअर अशी ये-जा करत आलेली आहे. बफर म्हणजे दुय्यम माल हा समज जुना झाला. शुल्कही कोअरपेक्षा कमी.

तारखांचा फरक मात्र लक्षात ठेवा. कोअर दर मंगळवारी बंद, आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर पूर्ण बंद. पावसाळ्यात लॉज स्वस्त होतात ते याचमुळे. तेव्हा जी सफारी मिळते ती बफरचीच, आणि तीही चिखल किती आहे त्यावर अवलंबून. बफरची साप्ताहिक सुटी ज्या त्या फाटकापुरती तपासा. परवान्यावरची नावं बदलत नाहीत आणि मूळ ओळखपत्र लागतं, झेरॉक्स चालत नाही.

आता लॉजमधले बाकीचे उपक्रम. सायकल, निसर्गफेरी, पहाटेचा योग, हे सगळं बफरच्या जमिनीवर चालतं, आणि 'बफर म्हणजे सुरक्षित' असं मानणं धोक्याचं आहे. तेंदूपत्ता किंवा मोह वेचायला वाकलेल्या माणसांवर हल्ले होतात, कारण वाकलेली, बसलेली आकृती वाघाला चार पायांच्या भक्ष्यासारखी भासते. म्हणून योगाचा ओटा कुंपणाच्या आत आहे का, पहाटे सोबत कोण असतं, हे विचारायला लाजू नका. अंधारात एकट्याने धावायला जाणं टाळा. अस्वल, बिबट्या तर लॉजच्या वाटेवरही येतात.

मसाज कधी घ्यावा, यालाही उत्तर आहे. सकाळच्या सफारीसाठी साडेचारला उठणं, संध्याकाळी परतायला काळोख. मधला अकरा ते एक हाच वेळ मोकळा. डिसेंबर-जानेवारीत तेव्हा मसाज घ्या, जिप्सीत अंगात शिरलेली थंडी उतरते. मे महिन्यात चंद्रपूर भागात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. दुपारच्या सफारीआधी सॉना घेतला तर गाडीत चक्कर येण्याची तयारी ठेवावी. तेव्हा सॉना सोडा, पाण्यात मीठ-साखर-लिंबू घालून प्या आणि रुंद काठाची मातकट रंगाची टोपी घ्या.

तीन रात्री असतील तर एक सकाळ आणि एक दुपार कोअरला आणि एक दुपार बफरला ठेवा. पहिल्या दिवशी प्रवासाने दमलेलं असताना बफर बरा पडतो: फाटक जवळ, आणि काही दिसलं नाही तर चुटपुट कमी.